घरातल्या फोन लाइनचा फॉल्ट स्वतः शोधायचा तर आधी लाइन मेन डबीपाशी सोडवा

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळे प्रॉब्लेम एकत्र आलेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. तुम्ही म्हणताय की घरात चार पॉइंट आहेत, मेन डबीतून निघालेली वायर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अशी पुढे पुढे नेलीय, शेवटच्या खोलीतला पॉइंट पूर्ण डेड आहे, बाकीच्यांवर पावसाळी हवेत खरखर येते, आणि फोन वाजला की इंटरनेट तुटतं. आता सगळी वायरिंग स्वतः नव्याने करायची आहे, तर कुठली वायर घ्यायची आणि लाल कुठे, हिरवी कुठे लावायची. हे घरच्या घरी नक्की करता येतं, दोन वायरींचं काम आहे आणि हत्यारंही फार लागत नाहीत. पण वायर आणायच्या आधी फॉल्ट नेमका कुठे आहे ते शोधा, कारण खराबी बाहेरून येणाऱ्या लाइनवर असेल तर घरात कितीही नवीन केबल ओढली तरी खरखर तशीच राहणार. कित्येक वर्षं हेच काम करतोय, लोक आधी फोन बदलतात, मग मोडेम बदलतात, मग वायर बदलतात आणि मेन डबी उघडून बघायची राहूनच जाते.

तर पहिलं काम मेन डबीचं, म्हणजे बाहेरून आलेली वायर जिथे संपते आणि घरातली जिथे सुरू होते ती जागा. काही डब्यांमध्ये आतल्या बाजूला एक टेस्ट सॉकेट असतं, पुढचं झाकण काढलं की घरातली सगळी वायरिंग आपोआप सुटते आणि त्या सॉकेटवर फक्त बाहेरची लाइन राहते. तसं नसेल तर घराकडे जाणाऱ्या दोन वायरी स्क्रूखालून सोडवा, कुठली कुठे होती त्याचा आधी फोटो काढून ठेवा, आणि चांगला चालतो हे माहीत असलेला एक फोन थेट बाहेरच्या पेअरवर, म्हणजे बाहेरून आलेल्या दोन तारांच्या जोडीवर लावा. साधा, वायरचा फोन घ्या, कॉर्डलेस नको, कारण कॉर्डलेसचा स्वतःचा ॲडॅप्टर पण आवाज घालतो आणि मग कळत नाही की आवाज कुणाचा. आता डायल टोन ऐका, मग कुठलाही एक आकडा दाबा, टोन बंद होईल, आणि पुढचे काही सेकंद जी शांतता मिळते ती नीट कान देऊन ऐका. डायल टोनच्या खाली बारीक खरखर दडून जाते, शांततेत ती लगेच कळते. इथे आवाज स्वच्छ असेल तर फॉल्ट घरातला, म्हणजे तुमचा. इथेच खरखर असेल तर तो कंपनीचा, घरातलं काहीही उघडू नका, तक्रार नोंदवा आणि त्यांना सांगा की घरातली वायरिंग सोडवून टेस्ट केलीय, तरी आवाज आहे. ही टेस्ट पावसाळी हवेतच करा, कोरड्या दिवशी दोन्हीकडे सगळं छानच ऐकू येईल.

हात घालण्याआधी सुरक्षेचं सांगतो, आणि हे वरवर वाचू नका. फोन लाइनवर शांत असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात, त्याने कोरड्या हाताला सहसा काही जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण फोन वाजतो तेव्हा त्याच वायरींवर ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो, वारंवारता २० किंवा २५ हर्ट्झ, आणि तेव्हा उघडी वायर बोटात असली तर चांगलाच झटका बसतो, शिडीवर असाल तर हात सुटून पडायला तेवढा पुरतो. म्हणून काम करताना घरातली वायरिंग मेन डबीपाशी सोडवलेली असू द्या. ते शक्यच नसेल तर एका फोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवा, लाइन एंगेज राहते आणि रिंग येत नाही. विजा चमकत असतील तर काम बंद, सरळ बंद, कारण बाहेरची लाइन लांबून उघड्यावरून आलेली असते. छातीत पेसमेकर असलेल्याने हे काम करूच नये. आणि वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली डबी उघडली की हात लावण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही वायरी अर्थशी, म्हणजे जमिनीला जोडलेल्या अर्थिंगच्या तारेशी तपासा, घराच्या मेन लाइटची, म्हणजे विजेची वायर कुठेतरी खरचटून फोनच्या वायरीला लागलेली असू शकते. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा ते जिवावरचं असतं. मेन डबीत विजेपासून बचावाचा प्रोटेक्टर आणि त्याची अर्थ वायर असेल तर ती अजिबात काढायची नाही, आत्ता नाही आणि काम झाल्यावरही नाही.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवून दोन वायरींमध्ये मोजा, सगळे रिसीव्हर खाली असताना ४८ च्या आसपास यायला हवेत, थोडं कमी-जास्त चालतं. लाल प्रोबवर आकडा मायनस दिसला तर ती वायर निगेटिव्ह. अर्थशी मोजलं तर एक वायर जवळजवळ शून्य आणि दुसरी उणे ४८ च्या जवळ, कारण एक्स्चेंजच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला जोडलेला असतो. हे मुद्दाम केलेलं आहे, जमिनीतल्या ओलसर केबलमध्ये तांबं पॉझिटिव्ह असेल तर ते खाल्लं जातं, निगेटिव्ह ठेवलं की वाचतं. रिसीव्हर उचलला की तेच ४८ एकदम खाली येतात, साधारण ६ ते १० व्होल्ट, कारण आता करंट वाहायला लागला आणि लाइनच्या रेझिस्टन्समध्ये बाकीचे व्होल्ट पडले.

इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. शांत लाइनवर ४८ दिसले म्हणजे वायरिंग ठीक, असं अजिबात नाही. करंटच वाहत नसतो, त्यामुळे मधला एखादा जॉइंट गंजून त्याचा रेझिस्टन्स शेकडो ओहम झालेला असला तरी मीटरला पूर्ण ४८ दिसतात. खराब जॉइंट पकडायचा तर लोड पाहिजे, म्हणजे करंट वाहता पाहिजे. लांबच्या पॉइंटवर फोन लावा, रिसीव्हर उचलून ठेवा, आणि आता दोन ठिकाणी व्होल्ट मोजा, एकदा मेन डबीत आणि एकदा त्या पॉइंटच्या स्क्रूवर. उचलल्यावर लाइनमधून साधारण २० ते ४० मिलिॲम्पिअर करंट जातो. ०.५ मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर असेल तर ३० मीटर लांबीला जाऊन-येऊन सगळा मिळून पाच-साडेपाच ओहम रेझिस्टन्स, म्हणजे दोन आकड्यांमधला फरक ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त फरक आला तर मधे कुठेतरी जॉइंट खराब आहे हे पक्कं समजा, मग एकेक डबी पुढे जात मोजा, जिथे उडी दिसेल तिथेच तो सापडतो. वायर हलवताना आकडा नाचत असेल तर अजून सोपं, तोच जॉइंट.

तुमची पावसाळी खरखर मला अशा खराब जॉइंटचीच वाटते, पण सोबत दुसरी शक्यता असते ती गळतीची. ओल शिरलेल्या डबीत दोन स्क्रूंमध्ये धूळ आणि पाणी मिळून एक पातळ रस्ता तयार होतो आणि तिथून सतत थोडा करंट जातो. असं झालं की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं हळूहळू विरघळतं. डबी उघडा आणि टॉर्च लावून नीट बघा. एका स्क्रूवर चक्क हिरवट-निळसर पूड जमलेली दिसेल, दुसरा तुलनेने स्वच्छ, आणि हिरव्या स्क्रूखालची वायर नखाने जरा वर केली की जागच्या जागी तुटेल, आत केसाएवढी तार शिल्लक राहिलेली असते, काही वेळा तीही नाही, नुसत्या पुडीतून लाइन चालू असते. अशी लाइन एकदा रिंग आली की थोडा वेळ बरी चालते, कारण रिंगचे जास्त व्होल्ट त्या गंजाच्या थराला फोडून रस्ता करतात, मग तासाभराने परत खरखर. फोन वाजून गेल्यावर आवाज स्वच्छ होतो असं कुणी सांगितलं की मी सरळ जॉइंट शोधायला लागतो.

घूं असा एकसारखा आवाज असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तो बहुतेक मेन लाइटच्या वायरींचा असतो, आणि तो ऐकू येतो म्हणजे दोन वायरींपैकी एकीला कुठेतरी अर्थ लागतोय, किंवा पेअर चुकीची जोडलीय. रिंग अर्धी वाजून आपोआप बंद पडते आणि उचललं तर कुणी नसतं, हेही गळतीचंच लक्षण, एक्स्चेंजला वाटतं की फोन उचलला.

शॉर्ट (दोन वायरी एकमेकींना लागणं) आणि ओपन (रस्ता मधेच तुटलेला असणं) तपासायची पद्धत आता. आधी घरातली वायरिंग मेन डबीपासून सोडवा, कारण ओहमवर ठेवलेला मीटर चालू लाइनला लावायचाच नसतो, आकडा खोटा येतो आणि मीटर जायची भीती. मग घरातली प्रत्येक वस्तू सॉकेटमधून काढा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, फक्त फोन नाही. जुना फॅक्स, मोडेम, अलार्मचा डायलर, कपाटामागे विसरलेला आन्सरिंग मशीन, आणि जे सर्ज प्रोटेक्टरचे प्लग येतात तेही, कारण त्यांच्यातला विजेने मेलेला भाग बऱ्याचदा कायमचा शॉर्ट होऊन बसतो आणि सगळं घर डेड होतं. कितीतरी घरांचा फॉल्ट वस्तू काढता काढताच सापडतो, एक प्लग काढला आणि डायल टोन आला. सगळं काढल्यावर दोन वायरींमध्ये ओहम मोजा, मीटरच्या सगळ्यात वरच्या रेंजवर सुद्धा ओपन दिसायला पाहिजे. काही हजार किंवा लाखभर ओहम दिसले तर ओल, काही ओहम दिसले तर शॉर्ट. तसंच प्रत्येक वायर आणि अर्थ यांच्यात मोजा, तिथेही ओपन हवं.

शॉर्ट कुठल्या भागात आहे ते कळायला वायरिंग मधोमध सोडवा. तुमच्याकडे चार पॉइंट एकामागे एक आहेत तर दुसऱ्या पॉइंटवर पुढे जाणाऱ्या वायरी सोडवा आणि मेन डबीकडून परत मोजा. शॉर्ट गेला तर तो तिसऱ्या-चौथ्याकडे, राहिला तर पहिल्या-दुसऱ्याकडे. मग उरलेल्याचे परत दोन भाग. एका टोकापासून एकेक पॉइंट उघडत जाण्यात वेळ जातो आणि दर वेळी डबी उघडताना एखादी कडक झालेली वायर तुटून नवाच फॉल्ट तयार होतो, म्हणून कमीत कमी डब्या उघडायच्या.

शेवटचा डेड पॉइंट बहुतेक ओपन असणार. त्या पॉइंटवर दोन वायरी एकमेकींना पिळून शॉर्ट करा आणि अलीकडच्या डबीत ओहम मोजा. काही ओहम आले तर वायर चांगली आहे आणि सॉकेट खराब, ओपन आलं तर वायर मधे तुटलीय. तुटलेल्या वायरीत बरेचदा एकच तार गेलेली असते, खिळ्यामुळे किंवा दाराच्या चौकटीत दबून. सॉकेटसुद्धा जवळून बघा, आतल्या सोनेरी बारीक स्प्रिंग तारा सरळ रांगेत असायला हव्यात, एखादी खाली दबलेली किंवा शेजारणीवर चढलेली असते, आणि त्याने कधी ओपन तर कधी शॉर्ट दोन्ही होतं. सॉकेट बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, त्याला दुरुस्त करत बसू नका.

आता फोन वाजला की इंटरनेट तुटतं ते. तुमचं डीएसएल, म्हणजे फोनच्या तारांवरून येणारं इंटरनेट, त्याच दोन वायरींवरून येतं, बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली आणि डीएसएल त्याच्या बरंच वर, आणि दोन्हींना वेगळं ठेवण्याचं काम फिल्टरचं. एकाही फोनला फिल्टर लावायचा राहिला असेल, किंवा लावलेला खराब असेल, तर तो फोन वाजताना आणि उचलताना लाइनची सगळी गणितं बदलतो आणि मोडेम सिंक, म्हणजे एक्स्चेंजशी जुळलेला संपर्क, सोडतो. तपासायला सगळे फोन काढा, फक्त मोडेम ठेवा आणि मोबाइलवरून लाइनला रिंग द्या. इंटरनेट टिकलं तर एकेक फोन त्याच्या फिल्टरसकट परत लावून रिंग द्या, कुठल्या फोनला तुटतं ते कळेल. एकही फोन न लावता पण तुटत असेल तर जॉइंटकडे परत या, आधी मेन डबी आणि मग बाहेरची लाइन. आणि लक्षात घ्या की फोनवर आवाज चांगला येतोय म्हणून डीएसएलसाठी लाइन चांगली आहे असं होत नाही. एक वायर पूर्ण तुटलेली असली तरी कधी कधी डीएसएल लटपटत चालतं, कारण तुटलेल्या टोकांमधून उच्च वारंवारता थोडीफार उडी मारते, फोन मात्र ठार डेड. म्हणजे इंटरनेट चालतंय म्हणून वायर ठीक, हेही चूक.

नवीन वायरिंग करायचीच असेल तर माझं स्पष्ट मत आहे की एकामागे एक पॉइंट ही पद्धत सोडा. प्रत्येक खोलीची केबल वेगळी, सगळ्या मेन डबीपाशी एका जागी येऊ देत. केबल थोडी जास्त लागते, पण मधे एकही जोड राहत नाही आणि एखाद्या खोलीचा फॉल्ट आला तर तिथेच दोन वायरी सोडवून बाकीचं घर चालू ठेवता येतं. डीएसएल असेल तर मेन डबीपाशीच एक मोठा स्प्लिटर, म्हणजे फोन आणि डीएसएल वेगळं करणारी डबी, बसवा, त्यातून एक स्वतंत्र केबल थेट मोडेमला आणि फिल्टर झालेली लाइन बाकी सगळ्या खोल्यांना. मग प्रत्येक फोनला छोटा फिल्टर लावायची गरजच नाही आणि खोल्यांच्या अर्धवट लोंबणाऱ्या वायरी डीएसएलच्या रस्त्यात येत नाहीत. अशा लोंबत्या फांद्यांवरून सिग्नल परत फिरून येतो आणि स्पीड खातो. वापरात नसलेला पॉइंट असेल तर तो मेन डबीपाशीच सोडवून टाका.

केबल पिळाची घ्या, चपटी चार तारांची घेऊ नका. ती चपटी वायर फोनपासून सॉकेटपर्यंतच्या दोन मीटरला ठीक आहे, भिंतीवरून घरभर न्यायला नाही. पिळाचं महत्त्व फार जुनं आहे, सुरुवातीला टेलिफोन एका तारेवर चालायचे आणि परतीचा रस्ता जमीन, त्यामुळे शेजारच्या सगळ्या तारांचा आवाज आत यायचा. दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं आणि आजही तेच चालू आहे. बाहेरचा आवाज दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि फोनपाशी एकमेकांना कापतो. म्हणूनच जोडताना एकाच पेअरच्या दोन तारा वापरायच्या. निळी आणि तिच्याच बरोबर पिळलेली पांढरी-निळी, ही पहिली जोडी. निळी एका जोडीतली आणि नारिंगी दुसरीतली घेतली तरी मीटरवर सगळं बरोबर दिसतं, डायल टोन येतो, फोन वाजतो, आणि तरी घूं आवाज, दुसऱ्या लाइनवरचं बोलणं ऐकू येणं आणि डीएसएलच्या चुका हे सगळं सुरू होतं. मीटर हा फॉल्ट पकडू शकत नाही, डोळ्यांनीच बघावा लागतो. साधी कॅट ५ई, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कची केबल मिळाली तर तीच ओढा, चार पेअर मिळतात, पुढे कधी नेटवर्कला पण उपयोगी.

रंगांचं तुम्ही विचारलंत. जुन्या चार तारांच्या केबलमध्ये लाल-हिरवी पहिली लाइन, पिवळी-काळी दुसरी, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. पेअरच्या केबलमध्ये क्रम निळी, नारिंगी, हिरवी, ब्राउन, राखाडी, आणि प्रत्येकीची जोडीदार पांढरी. पण देशादेशात आणि वायरमनगणिक फरक पडतो, म्हणून आधीच्या माणसाने काय लावलंय ते रंगावरून गृहीत धरू नका, मीटरने मोजा. छोट्या फोन सॉकेटमध्ये साधारणपणे मधले दोन कॉन्टॅक्ट लाइनचे. लाल-हिरवी उलटी लागली तर आजच्या फोनला काही फरक पडत नाही, आत ब्रिज नावाचा छोटा सर्किट असतो, तो दोन्ही दिशा चालवून घेतो. फक्त काही जुन्या बटणांच्या फोनला उलटी लाइन चालत नाही, डायल टोन ऐकू येतो पण बटण दाबलं तरी टोन तुटत नाही. असं झालं तर दोन वायरींची अदलाबदल करा, बस.

आठ पिनांच्या नेटवर्क सॉकेटवर फोन द्यायचा असेल तर मधल्या दोन पिना, चार आणि पाच, तीच निळी जोडी. पण त्या सॉकेटवर ठळक लिहून ठेवा, फोनची लाइन चुकून कुणी नेटवर्क स्विचला लावली आणि नेमकी रिंग आली तर स्विचचा पोर्ट जाऊ शकतो.

जोड कसा करायचा ते नीट सांगतो कारण सगळं यावरच टिकतं. वायर पिळून वर टेप गुंडाळायची नाही. टेप सैल होते, आत ओल शिरते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी तुम्ही परत इथेच प्रश्न विचारत असता. जेली भरलेले छोटे दाबायचे कनेक्टर मिळतात, ते घ्या. वायरचं इन्सुलेशन सोलायचंच नाही, दोन्ही वायरी भोकातून पार तळाला टेकेपर्यंत घाला, पारदर्शक बाजूने बघा की दोन्ही टोकाला पोचल्यात, आणि पक्कडीने टोपी सपाट बसेपर्यंत सरळ दाबा. आतली पट्टी इन्सुलेशन कापून तांब्याला घट्ट धरते आणि जेली कडेने थोडी बाहेर येते, ती पुसू नका, तीच पाण्याला अडवते. हलकं ओढून बघा, वायर निघाली नाही पाहिजे. हे कनेक्टर एकेरी, भरीव तारेसाठी आहेत, फोनच्या मऊ कॉर्डसाठी नाहीत, आणि एकदा दाबलेला परत वापरायचा नाही.

स्क्रूची डबी असेल तर सोलताना ब्लेड तांब्याला लागू देऊ नका, गोल ओरखडा पडला की वायर आज नाही तर सहा महिन्यांनी तिथेच मोडते. तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते, उलटी फिरवली तर बाहेर सरकते. एका स्क्रूखाली चार-चार तारा कोंबू नका. खाचेत दाबायची पट्टी असेल तर तिचं पंच टूल वापरा, स्क्रू ड्रायव्हरने दाबलं की खाच रुंद होते आणि पकड कायमची जाते, आणि मुद्दाम तशी बनवलेली नसेल तर एका खाचेत दोन तारा घालू नका. डबीत पिळ उघडताना सेंटिमीटरभरच उघडा. भिंतीवर केबल मारताना खिळा केबलच्या बाजूने जाऊ दे आणि क्लिप इतकी दाबू नका की केबल चपटी होईल. मेन लाइटच्या पाइपातून फोनची केबल न्यायची नाहीच, शेजारून समांतर न्यावी लागली तर निदान वीतभर अंतर ठेवा आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. बाहेरच्या भिंतीतून आत येताना भोकाच्या आधी केबलला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून गळून जातं, केबलवरून घरात येत नाही. ओल शिरलेल्या बहुतेक डब्यांमध्ये हा झोलच दिलेला नसतो.

फोन किती लावायचे यालाही मर्यादा आहे. रिंगची ताकद एक्स्चेंजमधून मोजकीच येते आणि प्रत्येक फोन त्यातला हिस्सा घेतो. फोनच्या खाली आरईएन म्हणून, म्हणजे तो फोन रिंगचा किती हिस्सा घेतो त्याचा, आकडा छापलेला असतो, सगळ्यांची बेरीज साधारण चारच्या आत ठेवा. जुने घंटीचे फोन जवळजवळ पूर्ण एक घेतात, नवे इलेक्ट्रॉनिक बरेच कमी. बेरीज जास्त झाली तर फोन मंद वाजतात किंवा वाजतच नाहीत, बोलणं मात्र ठीक चालतं, आणि लोक वायरिंग उघडत बसतात.

शेवटचं, पण तुमच्यासाठी बहुधा लवकरच कामाला येईल असं. तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं की फोन फायबरच्या बॉक्सच्या किंवा राउटरच्या छोट्या सॉकेटमधून येतो. घरातली जुनी वायरिंग तेव्हाही वापरता येते, त्या सॉकेटमधून एक कॉर्ड जवळच्या भिंतीतल्या पॉइंटला दिली की सगळ्या खोल्यांत फोन चालतो. पण ते करण्याआधी मेन डबीत बाहेरची जुनी पेअर घरातल्या वायरींपासून पूर्ण सुटी करा आणि तिची टोकं वेगवेगळी झाकून ठेवा. तसं न करता कॉर्ड लावली आणि बाहेरच्या लाइनवर अजून ४८ व्होल्ट असतील तर बॉक्सचा फोन पोर्ट जळू शकतो, आणि बाहेरचा व्होल्टेज गेलेला असला तरी किलोमीटरभर गंजलेली केबल त्या छोट्या पोर्टला लटकते आणि फोन वाजत नाही. कॉर्ड लावायच्या आधी भिंतीतल्या सॉकेटवर मीटर ठेवा, शून्य आलं तरच पुढे जा. त्या पोर्टची रिंगची ताकदही एक्स्चेंजपेक्षा कमी असू शकते, बऱ्याच बॉक्सच्या माहितीपत्रकात किती आरईएन चालतो ते दिलेलं असतं, ते बघून फोन लावा. लाइट गेली की बॉक्स बंद आणि फोनही बंद, तेव्हा घरात म्हातारी माणसं असतील किंवा अलार्म फोनवर असेल तर बॉक्सला छोटी बॅटरी बॅकअप जोडून घ्या.

आत्ता मात्र मेन डबीची टेस्ट करा, पावसाळी हवेत, घरातली वायरिंग सोडवून. नंतर तीन आकडे कळवा, बाहेरच्या लाइनवर रिसीव्हर खाली असतानाचे व्होल्ट, उचलल्यावरचे व्होल्ट, आणि दुसऱ्या पॉइंटवर फोन उचललेला असताना मेन डबी आणि तो पॉइंट यांच्यातला फरक. त्यावरून कुठली डबी आधी उघडायची ते सांगतो.